संरचना अभियांत्रिकी व्यवसायातील जोखीम व्यवस्थापन

संरचना अभियांत्रिकी व्यवसायातील जोखीम व्यवस्थापन म्हणजे इमारती, पूल आदी बांधकामांच्या सांगाड्याचे अभिकल्पन करणाऱ्या संस्थेने आपल्या कामातून उद्भवणारे आर्थिक, कायदेशीर व व्यावसायिक धोके ओळखून ते आटोक्यात ठेवण्याची पद्धती होय. अभियंत्याला मिळणारे शुल्क बांधकामाच्या एकूण खर्चाचा लहानसा भाग असते. चूक झाल्यास येणारे दायित्व मात्र संपूर्ण इमारतीएवढे, प्रसंगी त्याहूनही मोठे असू शकते. हीच विषमता या विषयाच्या मुळाशी आहे.

== कॅन्सस सिटी येथील दुर्घटना ==

या विषयाच्या अभ्यासात अमेरिकेतील मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलचे उदाहरण नेहमी दिले जाते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याचा कार्यक्रम चालू असताना हॉटेलच्या प्रशस्त दालनातील दोन झुलते पादपूल कोसळले. ११४ जण मृत्युमुखी पडले व दोनशेहून अधिक जखमी झाले.

चौथ्या मजल्याच्या पातळीवरील पूल व त्याच्या बरोबर खालचा दुसऱ्या मजल्याचा पूल हे दोन्ही छतापासून निघणाऱ्या एकाच अखंड पोलादी गजावर टांगावयाचे, अशी मूळ योजना होती. एवढ्या लांब गजावर आटे पाडून नट वर चढवणे अवघड असल्याने पोलादकाम करणाऱ्या कंत्राटदाराने एका गजाऐवजी दोन गज वापरण्याचे सुचवले. पहिला गज छतापासून वरच्या पुलापर्यंत आला आणि दुसरा वरच्या पुलाच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत गेला.

बदल क्षुल्लक भासतो, पण त्याचा परिणाम तसा नव्हता. एका दोरीला दोन मडकी वेगवेगळ्या गाठींवर टांगली, तर प्रत्येक गाठीवर एकेका मडक्याचेच ओझे येते. दुसरे मडके दोरीऐवजी पहिल्याच्याच बुडाशी बांधले, तर वरची गाठ दोघांचे ओझे पेलते. छतातील गजावरचा भार तोच राहिला; वरच्या तुळईखालच्या नटावरचा भार मात्र दुप्पट झाला. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेच्या चौकशीत असे आढळले की, प्रत्यक्षात केलेला जोड स्थानिक बांधकाम नियमांनी आवश्यक ठरवलेल्या क्षमतेच्या सुमारे ३० टक्केच होता. मूळ रचनाही सुमारे ६० टक्क्यांपर्यंतच पोचत होती. दोष केवळ बदलाचा होता असे म्हणूनच म्हणता येत नाही. त्या जोडाचे गणित मुळात कोणी केलेच नव्हते.

बदलासाठी दूरध्वनीवरून संमती घेतल्याचे कंत्राटदाराने सांगितले. असा दूरध्वनी आल्याचे अभियंत्यांनी नाकारले. लेखी नोंद नव्हती. पण बदल दाखवणाऱ्या कार्यशाळा रेखाचित्रांवर अभियांत्रिकी संस्थेचा मंजुरीचा शिक्का होता, आणि पुढे तोच निर्णायक ठरला. तत्पूर्वी १४ ऑक्टोबर १९७९ रोजी, बांधकाम चालू असतानाच, दालनाच्या छताचा काही भाग कोसळला होता. बांधकामस्थळी आपला पूर्णवेळ प्रतिनिधी नेमण्याची मागणी आपण केली होती, पण खर्चापायी ती मान्य झाली नाही, असे अभियंत्यांचे म्हणणे होते.

मिसूरीतील परवाना मंडळाच्या कारवाईत संस्थाप्रमुख जॅक गिलम व प्रकल्प अभियंता यांचे त्या राज्यातील परवाने रद्द झाले. फौजदारी शिक्षा कोणालाही झाली नाही. गिलम यांनी पुढे अभियंत्यांसमोर या घटनेवर व्याख्याने दिली.

== करार आणि विमा ==

कोणते जोड कोणी अभिकल्पित करावयाचे, रेखाचित्रे कोणी व कशासाठी तपासावयाची, स्थळपाहणी किती वेळा करावयाची, हे करारात नि:संदिग्ध लिहिलेले असणे हा जोखीम व्यवस्थापनाचा पाया मानला जातो. काही देशांत दायित्वाची कमाल मर्यादाही करारात घालतात. ती ग्राहकापुरतीच बांधील असते. करारात सहभागी नसलेल्या जखमींना किंवा मृतांच्या वारसांना ती सहसा लागू होत नाही.

व्यावसायिक दायित्व विमा बहुधा दावा दाखल होण्याच्या वेळी चालू असावा लागतो. काम केले त्या वर्षी असलेला विमा पुरत नाही. इमारतीतील दोष अनेक वर्षांनी उघडकीस येऊ शकतो, म्हणून संस्था बंद केल्यावर किंवा अभियंता निवृत्त झाल्यावरही हे संरक्षण चालू ठेवण्याचा प्रश्न उरतो. 'हमी देतो' यांसारखे शब्दही सांभाळून वापरावे लागतात. कायद्याने अभियंत्याकडून वाजवी कौशल्य व काळजी अपेक्षित असते. करारात त्यापलीकडचे वचन दिल्यास ती वाढीव जबाबदारी विमा कंपनी सहसा स्वीकारत नाही.

== भारतातील स्थिती ==

मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, २००८ नुसार स्थापन झालेल्या संस्थेत एका भागीदाराच्या चुकीसाठी दुसरा भागीदार व्यक्तिशः जबाबदार ठरत नाही. स्वतःच्या चुकीची जबाबदारी मात्र प्रत्येकावर राहते. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. या कामात अभियंता दुसऱ्याने आखलेल्या व बांधलेल्या इमारतीविषयी स्वतःच्या सहीने मत देतो. मूळ नकाशे पुष्कळदा उपलब्ध नसतात आणि गिलाव्याआडचे गंजलेले लोखंड डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे कोणते भाग पाहिले, कोणत्या चाचण्या केल्या आणि कोणते भाग तपासता आले नाहीत, हे अहवालात नमूद करणे रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी तसेच सही करणाऱ्याच्या संरक्षणासाठी आवश्यक ठरते.