फोटोत नसलेला माणूस

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेती पकडली गेली, की धुळे-जळगावच्या पेपरांत ठरलेला फोटो येतो : उपटलेल्या झाडांचा ढीग आणि मागे रांगेत पोलीस. चिलीम ओढणारा त्यात नसतो. त्याच्या वाट्याला नुसती नावं येतात, तीही नशेवरूनच पाडलेली : दारुड्या, गंजेडी, गर्दुल्ला.

कॅमेरा त्याच्याच हाती दिला तर?

१९९०च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांना कॅमेरे दिले. फोटो काढायचे बायकांनी आणि त्यांचा अर्थ लावायचा तोही त्यांनीच. या पद्धतीला ‘फोटोव्हॉइस’ म्हणतात. आता नशा करणाऱ्यांबरोबरच्या संशोधनातही ती वापरली जाते. शरीर-नकाशा ही तिची चुलत बहीण. मोठा कागद जमिनीवर अंथरायचा, त्यावर एकाने आडवं पडायचं, दुसऱ्याने त्याच्या अंगाभोवती पेन्सिल फिरवायची. मग त्या रिकाम्या आकृतीत ज्याचं त्याने भरायचं : सुई कुठे टोचली, मार कुठे बसला, आईचा हात कुठे फिरला. प्रश्नावलीत आईच्या हाताला रकाना नसतो.

मराठीत नशा करणाऱ्यांचं असं ऐकणं लेखक अनिल अवचटांनी फार आधी सुरू केलं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, आहारी गेलेल्या पोरांशी बोलून त्यांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. अनिल यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचटांच्या या केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे समुपदेशक झाले. पण ‘गर्द’ पुस्तकाची लेखणी अनिल अवचटांची होती. फोटोव्हॉइससारखं सहभागी संशोधन ती लेखणीसुद्धा मागतं.

मागणं सोपं, निभावणं अवघड. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे, त्यामुळे उघडा चेहरा दिसणारा एक फोटो कुणाला कोठडीत पोहोचवू शकतो. म्हणून आधी संमती, चेहऱ्याऐवजी हात, चपला, बसायची जागा; आणि फोटो मालकाला परत मागता आला पाहिजे.

खानदेशात कॅमेऱ्यावरच अडून बसायचंही कारण नाही. इथे डफावर गायचं वहीगायन आहे, अहिराणी बोली आहे. चावडीवर चारचौघांत जे बोलवत नाही, ते वहीत गाता येतं. धुळ्या-जळगावात असं काम करायचं झालं, तर रंगपेटीच्या आधी डफ आणावा लागेल.