माळवदाचं ओझं

संगमनेरच्या पठार भागात, घारगाव-बोट्याकडे, अधूनमधून जमीन गुरगुरते आणि मांडणीवरची भांडी वाजतात. हादरे छोटे असतात. तरी माणसं बाहेर धावतात, कारण भीती जमिनीपेक्षा डोक्यावरच्या माळवदाची असते.

दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, म्हणजेच माळवद, असं इथलं जुनं घर. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पडते; जुनी सहसा कोणी काढत नाही. वर्षानुवर्षं टनांनी ओझं साचतं. भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात बसतो, म्हणून हेच ओझं घराच्या मुळावर येतं. भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर असतात. त्यांना सांधणारे आरपार दगड नसले, की थर फुगून सुटतात आणि माळवद खाली बसतं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत हेच झालं. 6.2 तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. कोयनेच्या 1967 च्या भूकंपाची ताकद त्याहून कमी नव्हती. तिथे मात्र सुमारे 180 बळी गेले.

आणि किल्लारी तेव्हाच्या भूकंप-क्षेत्रांच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती! भूकंपरोधक बांधकामाच्या 2002 च्या मानकाने ते क्षेत्रच काढून टाकलं आणि लातूर परिसर तिसऱ्यात गेला. विमा कंपन्या दर ठरवतात तेही अशी क्षेत्रं पाहूनच. पण नकाशा बराचसा झालेल्या भूकंपांच्या नोंदींवर उभा असतो. शेकडो वर्षं गप्प बसलेली जमिनीखालची भेग ना नकाशात दिसते, ना विम्याच्या हप्त्यात.

2021 पासून घराच्या विम्याच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत भूकंपही धरलेला आहे. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेच्या भावावर नाही. शेतकऱ्याला हे सोयीचं आहे. भूकंपात जागा जात नाही, घर जातं. अडचण अशी, की घराच्या विम्याची आठवण बहुधा गृहकर्ज देणारी बँक करून देते. वडिलोपार्जित घरावर कर्ज नसतं, तेव्हा विचारणारंही कोणी नसतं.

किल्लारीनंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमीनधारणेप्रमाणे मिळाली: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. भावकीचे लागून असलेले वाडे, समाईक ओटे, बोळ यांच्या जागी सरळ रेषेत प्लॉट आले. या नुकसानीचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा?

भूकंपाआधी करण्याजोगं काम मात्र फार महाग नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवायचे, कोपरे बांधून घ्यायचे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि वर फक्त वीतभर थर ठेवायचा. गळतीही थांबते.