फायबरच्या डब्याची किल्ली आपल्याच हाती हवी

आपल्या चाळींत आणि वस्त्यांत आता फायबरचे इंटरनेट आले आहे. परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, सारे त्यावरच चालते. दरमहा बिलही आपण वेळेवर भरतो. पण वस्तीत फिरताना आम्ही विचारतो, "राऊटरचा पासवर्ड काय?" तेव्हा बहुतेक घरांतून एकच उत्तर येते, "तो पोरगा लावून गेला, त्यालाच ठाऊक." वाचकहो, पैसे आपले आणि किल्ली दुसऱ्याची, हे काही बरे नाही.

या डब्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा; तो आपण मोबाईलवर टाकतो. दुसरा खुद्द डब्याचा; त्याने सेटिंगचे पान उघडते. डबा उलटा करून पाहा. खालच्या चिठ्ठीवर पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ यासारखा. वायफाय जोडलेल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाकला की पान उघडते. काही कंपन्या ग्राहकाला मोजक्याच सेटिंग उघडून देतात. आपल्याला तेवढ्या पुरतात.

पहिले काम म्हणजे दोन्ही पासवर्ड बदलणे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्यात जादू नव्हती. कारखान्यातून आलेले आणि कुणीच न बदललेले पासवर्ड त्याने एकामागून एक लावून पाहिले, एवढेच. राऊटर परक्याच्या हाती गेला तर डीएनएस नावाची सेटिंग बदलून तो आपल्याला बँकेच्या खोट्या पानावर नेऊ शकतो.

दुसरे, वायफायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे. 'ओपन' कधीही ठेवू नये. तिसरे, डब्ल्यूपीएस बंद करावे. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन भागांत तपासला जातो. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ साली उघड झाले.

नाव आपले, जबाबदारीही आपली

कनेक्शन ज्याच्या नावावर, चौकशी त्याच्या दारी येते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले. त्या घरात राहणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. आपल्यासारख्या कष्टकरी माणसाला तर चार दिवसांचा खाडाही परवडत नाही.

म्हणून शेजारच्या मुलाला नेट नाकारावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. अभ्यासाला जरूर द्यावे. सोय असेल तर 'गेस्ट नेटवर्क' सुरू करून त्याचा वेगळा पासवर्ड द्यावा. मात्र त्यावरचा वापरही आपल्याच नावावर मोजला जातो, म्हणून ओळखीच्यालाच द्यावा. जोडलेल्या उपकरणांची यादी सेटिंगमध्ये दिसते. महिन्यातून एकदा ती पाहावी; अनोळखी नाव दिसले तर पासवर्ड बदलावा.

वेग कुठे अडतो?

राऊटर दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जातो, पण चाळीत साऱ्यांचे राऊटर त्यावरच गर्दी करतात. त्याचे चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे निवडावे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीने अडतो. एका खोलीचे घर असेल तर ५ च उत्तम. डबा कपाटात किंवा फ्रिजमागे न ठेवता उंच, मोकळ्या जागी लावावा. आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये सेकंदाला १०० नव्हे, जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात, हा हिशेब ध्यानी असला म्हणजे उगाच महागडा प्लॅन कुणी गळ्यात मारणार नाही.

'वॅन', 'पीपीपीओई', 'व्हीलॅन' या सेटिंगना मात्र हात लावू नये. त्यात कंपनीने भरलेली माहिती असते. मागच्या बारीक भोकातले रिसेटचे बटण दाबले तर तीही पुसली जाऊ शकते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद पडते. 'एलओएस'चा दिवा लाल झाला तर बाहेरून प्रकाशाचा संकेतच येत नाही, म्हणजे तार तुटली किंवा दुमडली असावी. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. सरळ तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

येत्या रविवारी घरातल्या शिकत्या मुलामुलीला जवळ बसवून हे काम उरकावे. दोन्ही पासवर्ड एका वहीत लिहून ती वही बिलांबरोबर ठेवावी. वडीलमंडळींनीही ते पान एकदा स्वतःच्या हाताने उघडून पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.