यकृत निकामी झाले, पण कशामुळे?

रुग्णालयातून घरी आणलेल्या डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात पुष्कळदा ‘लिव्हर फेल्युअर’ एवढे दोनच शब्द असतात. घरची मंडळीही तेच सांगतात, ‘लिव्हर फेल झालं.’ पण वाचकहो, हे निदान अर्धेच आहे. यकृत काम करेनासे झाले, हा झाला परिणाम. तो कशामुळे झाला, हे लिहिल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

यकृत दोन तऱ्हांनी निकामी होते. पहिली तऱ्हा अचानक होणारी. धडधाकट माणसाला कावीळ होते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि तो असंबद्ध बोलू लागतो किंवा गुंगीत जातो. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ व ‘ई’ प्रकारची कावीळ, क्षयरोगावरील काही औषधे, उंदीर मारण्याचे पिवळ्या फॉस्फरसचे विष ही याची आपल्याकडील कारणे. दुसरी तऱ्हा वर्षानुवर्षे सावकाश चालते. यकृतात वण पडत जाऊन ते कडक होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी होते, पाय सुजतात, रक्ताची उलटी होते. दारू, ‘बी’ व ‘सी’ प्रकारच्या काविळीचे विषाणू आणि मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातील चरबी ही यामागची मुख्य कारणे.

प्रत्येक रोगाला ठरावीक क्रमांक देण्याची पद्धत जगभर आहे. फ्रान्समधील संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्टिलॉन यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. त्याच यादीतून पुढे आजचे जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण वाढत गेले. त्याच्या दहाव्या आवृत्तीत दारूमुळे यकृत निकामी झाल्यास ‘के ७०.४’, औषधामुळे वा विषामुळे यकृताला इजा झाल्यास ‘के ७१’, तर विषाणूंच्या काविळीसाठी ‘बी १५’ ते ‘बी १९’ असे क्रमांक आहेत. क्रमांक देणारा कर्मचारी रुग्णाला तपासत नाही. कागदावरील शब्द पाहून तो क्रमांक घालतो. नुसते ‘लिव्हर फेल्युअर’ लिहिले की क्रमांक पडतो ‘के ७२.९’, म्हणजे प्रकार न सांगितलेले. मग गढूळ पाण्याने किती माणसे गेली आणि दारूने किती, याचा हिशेबच लागत नाही.

नुकसान केवळ सरकारी हिशेबाचे होते असे नाही. माझ्या माहितीतील चाळिशीचा एक शेतकरी शहरातील रुग्णालयात दगावला. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. कार्डावर मात्र तेच दोन शब्द. गावाने परस्पर ठरवून टाकले, ‘चोरून पीत असणार.’ त्याच्या पत्नीला चार बायकांत मान वर करणे कठीण झाले. मी घरातील जुने कागद मागवून पाहिले. चार वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधीचा रक्ताचा अहवाल सापडला. त्यात हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू असल्याची नोंद होती. घरातील सर्वांचे रक्त तपासले, तेव्हा थोरल्या भावातही तो निघाला. हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून मुलांना येऊ शकतो. भावाचे उपचार सुरू झाले. पत्नीला व मुलांना लागण नव्हती, त्यांना लस टोचली. कार्डावर कारण लिहिले असते, तर हे आधीच झाले असते आणि बदनामीही टळली असती.

याची उलट बाजूही सांगायला हवी. दारू हेच कारण असले, तर काही नातेवाईक ‘तेवढं लिहू नका’ म्हणून डॉक्टरांना गळ घालतात. तसे करू नये. खोटी नोंद पुढच्या उपचारांना आडवी येते आणि विम्याच्या दाव्यातही घोटाळा होतो.

मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली ते विनामूल्य द्यायचे असते. त्यात कारणांची साखळी लिहितात. उदाहरणार्थ, वर ‘यकृतविकारामुळे आलेली बेशुद्धी’, तिच्याखाली ‘सिरॉसिस’ आणि सर्वांत खाली मूळ कारण ‘जुनाट हिपॅटायटिस बी’. मधुमेहासारखा दुसरा आजार मृत्यूला हातभार लावणारा असेल, तर तो दुसऱ्या भागात येतो. आपल्याला मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेले नसते. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्यावी.

तेव्हा रुग्णाला घरी नेताना तीन प्रश्न अवश्य विचारा : यकृत कशामुळे बिघडले? ते अचानक बिघडले की जुने दुखणे होते? घरातील इतरांची तपासणी हवी का? उत्तरे कार्डावर लिहून घ्या. कारण सापडले नसेल, तर तसेही लिहिलेले असावे. केसपेपरची प्रत मागितल्यास डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावी, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. रक्ताचे जुने अहवाल रद्दीत घालू नका. एका पिशवीत तारीखवार लावून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्या.