जर्मनीला निघालात? आपलं लायसन्स तिथे सहाच महिने चालतं. पुढे काय करायचं, वाचा सविस्तर

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हिंग अशा कामांसाठी जर्मन शिकणारी पोरं खेडोपाडी दिसू लागली आहेत. पासपोर्ट, व्हिसा, भाषेची परीक्षा याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. लायसन्सचा विषय मात्र तिथे पोचल्यावर निघतो, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

नियम काय आहे?

भारतीय लायसन्सवर जर्मनीत गाडी चालवता येते, पण तिथे राहायला लागल्यापासून फक्त सहा महिने. मुक्काम वर्षभरापेक्षा जास्त नाही, हे कागदोपत्री दाखवता आलं तर ही मुदत वाढवून मिळू शकते. कायम नोकरीला गेलेल्यांना हा मार्ग नाही.

मग आंतरराष्ट्रीय परवाना कशाला?

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. आरटीओकडून मिळणारा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट एक वर्षाचा असतो. त्यामुळे ‘माझ्याकडे वर्षभराचा परवाना आहे’ असं अनेकांना वाटतं. पण हा परवाना म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर समजा. त्याने सहा महिन्यांचे बारा होत नाहीत. तो जवळ हवाच, पण मूळ लायसन्ससोबत. नुसता दाखवून भागत नाही.

सहा महिन्यांनंतर चालवली तर?

तिथे हा साधा दंडाचा मामला नाही. विना लायसन्स गाडी चालवणं हा गुन्हा आहे. त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्याकडून पैसे वसूल करू शकते. परक्या देशात नावावर गुन्हा लागला, तर पुढे व्हिसाच्या कामातही तो आडवा येतो.

लायसन्स बदलून कसं मिळतं?

जपान, दक्षिण कोरिया अशा काही देशांचं लायसन्स जर्मनीत परीक्षेशिवाय बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दिलासा एवढाच, की नवख्या माणसाला ड्रायव्हिंग स्कूलचे जे ठरावीक तास सक्तीचे असतात, ते आपल्याला नाहीत. मात्र परीक्षेसाठी स्कूलमध्ये नाव घालावंच लागतं, कारण परीक्षा त्यांच्याच गाडीवर आणि त्यांच्याच शिक्षकासोबत होते.

अर्ज राहत्या ठिकाणच्या लायसन्स कार्यालयात करायचा. साधारण हे लागतं:

- पासपोर्ट आणि तिथल्या पत्त्याची नोंदणी
- मूळ भारतीय लायसन्स आणि त्याचं मान्यताप्राप्त भाषांतर
- पासपोर्ट पद्धतीचा फोटो
- डोळे तपासल्याचा दाखला
- प्रथमोपचाराच्या एक दिवसाच्या वर्गाचं प्रमाणपत्र

कारच्या लेखी परीक्षेत 30 प्रश्न असतात. चुकांचे दहापेक्षा जास्त गुण झाले की नापास. ही परीक्षा इंग्रजीत देता येते. हिंदी-मराठीची सोय नाही. प्रत्यक्ष परीक्षा सुमारे 55 मिनिटांची असते आणि सूचना जर्मनमधूनच मिळतात. डावीकडे वळा, पुढे थांबा, एवढं तरी कानाला ओळखीचं हवं.

वर्षानुवर्षं गाडी चालवणारेही इथे अडकतात. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग आपला रस्ता लहान असो की मोठा. वळताना नुसता आरसा बघून चालत नाही, मान वळवून मागे बघावं लागतं. आपल्याकडची हॉर्न वाजवून घुसायची सवय तिथे नापास करते. म्हणून सक्ती नसली तरी शिक्षकासोबत काही तास घ्यावेतच.

पास झाल्यावर जर्मन लायसन्स मिळतं आणि भारतीय लायसन्स तिथे जमा करावं लागतं. सहा महिने उलटले तरी अर्ज करता येतो, पण नवीन लायसन्स हातात येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ट्रक-बस चालवायला जाणाऱ्यांसाठी वरच्या वर्गाचं लायसन्स आणि व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता लागते. ते कसं आणि कोणाच्या खर्चाने होणार, हे मालकाकडून आधीच लेखी घ्या.

निघण्याआधी हे करा

- लर्निंग लायसन्स तिथे चालत नाही. पक्कं लायसन्स इथूनच काढून जा. जर्मनीत राहायला लागल्यावर सुट्टीत गावी येऊन काढलेलं लायसन्स तिथे धरत नाहीत.
- जुनं पुस्तकी लायसन्स असेल तर स्मार्ट कार्ड करून घ्या. ‘सारथी’ पोर्टलवर तुमची नोंद दिसते का, तेही तपासा.
- इंटरनॅशनल परमिटचा अर्ज ‘सारथी’वरच करता येतो. सरकारी फी 1000 रुपये आहे.
- तिथे पोचल्यावर पत्ता नोंदवला, की लगेच लायसन्सचा अर्ज टाका. कागद तपासणी आणि परीक्षेची तारीख यातच महिने जातात.

‘भारतीय लायसन्स तिकडे कायम चालतं’ असं कोणी एजंट सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गावातलं, नात्यातलं कोणी निघालं असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.