मृगातील तेजोमेघ
माघातल्या रात्री निपाणीच्या माळावरून मृगनक्षत्र पाहावे. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, दक्षिणेस, एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे; सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूरचा वायुमेघ होय. त्याच्या गाभ्यात सूर्याच्या सुमारे तीसपट वस्तुमानाचा तारा आहे. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते पुन्हा अणूंना येऊन मिळतात तेव्हा तांबूस प्रकाश फाकतो. ताऱ्यातून सुटणाऱ्या वाऱ्याने मेघात पोकळीही कोरली आहे. हा दीप मात्र निष्ठुर! शेजारच्या बालताऱ्यांभोवती धुळीच्या ज्या चकत्यांतून ग्रह घडावयाचे, त्या तो झिजवून टाकतो. असा तप्त वायू रेडिओलहरीही सोडतो. नारायणगावजवळ खोडद येथील दुर्बिणीच्या तीस तबकड्या त्या टिपू शकतात.