पेणचं १७, रोह्याचं १७

अंतर्देशीय पत्रावर पत्त्याच्या खाली सहा चौकोन छापलेले असतात. पेणला पत्र धाडायचं तर त्यांत ४०२१०७ भरायचं, रोह्याला ४०२१०९. शेवटचा आकडा बदलला की पत्र भोगावती नदीऐवजी कुंडलिकेच्या काठी पोचतं. तिसऱ्या चौकोनात २ चा ३ झाला, तर गोव्याच्या वाटेला लागतं.

पिनकोड हा नुसता क्रमांक नाही, ती वाट आहे. ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४०२ म्हटलं की रायगडचा खण. उरलेले तीन आकडे गावच्या पोस्टाच्या दारात नेतात. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारा हा माणूस टपालखात्यात होता, हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

आणि आपला कॉम्प्युटर मेमरीतली जागा शोधतो तीही पिनकोडसारखीच, आकड्यामागून आकडा, खणामागून खण.

घर नंबर १७ पेणमध्ये असतं, रोह्यातही असतं, आणि दोघांची पत्रं एकमेकांकडे जात नाहीत. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक प्रोग्रॅमला असंच स्वतःचं गाव मिळतं. दोन प्रोग्रॅम एकाच क्षणी एकच पत्ता उच्चारतात आणि चिपवरच्या दोन वेगळ्या जागी जाऊन पोचतात. कुठल्या गावचं १७ खरोखर कुठे आहे, याची नोंदवही ठेवतो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल.

पण चौकोन किती, यावर गावाचा विस्तार ठरतो. कॉम्प्युटरच्या पत्त्यातल्या प्रत्येक चौकोनात, म्हणजे बिटमध्ये, ० किंवा १ एवढंच मावतं. असे ३२ चौकोन असले तर पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, म्हणजे ४ जीबी. त्यातच कर्नललाही राहायचं असतं. ३२ बिटच्या लिनक्समध्ये साधारणपणे खालचे ३ जीबी प्रोग्रॅमचे, वरचा १ जीबी कर्नलचा. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होते. रूळ सलग, कारभार वेगळा, तसंच हे. त्या १ जीबीतून कर्नलला थेट दिसायची ती जेमतेम ८९६ एमबी मेमरी. मशीनमध्ये २ जीबी बसवली, तरी उरलेली वापरण्यासाठी कर्नलला तात्पुरता पत्ता द्यायचा, काम उरकायचं, पत्ता पुसायचा, असा खटाटोप करावा लागे. माल गोदामात पडून, आणि दाराला द्यायला नंबर नाही!

मग ६४ बिट आले. त्यांतले ४८ पत्त्यासाठी वापरले तरी विस्तार होतो २५६ टीबी. इथे मी पहिल्यांदा हिशेब मांडला तेव्हा थबकलो होतो. मेमरीची वाटणी ४ केबीच्या पानांनी होते. एवढ्या सगळ्या पानांची सरळ एकाखाली एक यादी करायची म्हटली, तर ती यादीच ५१२ जीबीची होईल, आणि तीही एकेका प्रोग्रॅमसाठी!

सुटका झाली ती पोस्टाच्याच युक्तीने. ४८ आकड्यांचे तुकडे पाडले: ९, ९, ९, ९ आणि १२. पहिले नऊ ५१२ खणांतला एक दाखवतात, त्यातून पुढच्या ५१२ खणांची पाटी सापडते, असं चार वेळा. शेवटचे बारा पानातली नेमकी जागा सांगतात. जिथे कुणी राहतच नाही, त्या बाजूची पाटी बनवायचीच नाही. छोट्या प्रोग्रॅमचं एखादं पान शोधायला चार पाट्या पुरतात, सगळ्या मिळून १६ केबी. पिनकोडचंही तेच: सहा चौकोनांत नऊ लाख क्रमांक मावतात, वापरात आहेत सुमारे १९ हजार, आणि नसलेल्या गावांसाठी कुणी खण सुताराकडून करून घेत नाही.

पुढे मोठ्या सर्व्हरना २५६ टीबीही अपुरे पडू लागले, तेव्हा सगळ्या पाट्यांच्या वर आणखी एक पाटी ठेवली गेली. बिट झाले ५७, विस्तार १२८ पेटाबाइट. खालच्या चार पाट्यांची रचना जशीच्या तशी राहिली. उद्या ४०२१०९ च्या आधी सातवा चौकोन आला, तर रोह्यातल्या पोस्टमनच्या बीटमध्ये काय बदलेल? काहीच नाही. तो त्याच गल्लीतून, त्याच १७ नंबरच्या दारात येईल.